लव्हबर्डचा संकर आणि आकृतीखालची ती एक ओळ

मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा रात्री अकराला मेसेज. "ताई, वेगवेगळ्या जातींच्या पोपटांचा संकर होतो का? एका वाक्यात सांग, उद्या सेमिनार आहे." मी एका वाक्यात सांगितलं: काहींचा होतो, काहींचा होत नाही, आणि काहींचा होतो पण पुढे सरकत नाही. तिने नुसता अंगठा पाठवला. दहा मिनिटांनी तिची स्लाइड आली, आणि ती बघून माझी झोप उडाली. कारण सहा वर्षांपूर्वी मीही जवळजवळ तीच स्लाइड दाखवली होती, आणि त्यानंतरची पाच मिनिटं मी अजून विसरलेले नाही.

स्लाइडवरची आकृती तुम्हीही पाहिली असेल. ॲनिमल बिहेविअरच्या अनेक पाठ्यपुस्तकांत आणि कोचिंगच्या नोट्समध्ये ती असते. एका बाजूला पाठीच्या पिसांत कागदाच्या पट्ट्या खोचणारा पोपट, दुसऱ्या बाजूला चोचीत पट्टी धरून उडणारा पोपट, आणि मधे त्यांचं संकर पिल्लू, गोंधळलेलं, धड खोचता येत नाही आणि धड नेता येत नाही. खाली एक ओळ: वर्तन जनुकांनी ठरतं याचा पुरावा.

प्रयोग मला मनापासून आवडतो. माझी तक्रार त्या खालच्या ओळीबद्दल आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठी विश्वकोशात 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस. वर्तमानपत्रांत मात्र 'प्रजाती' सर्रास स्पीशीजसाठी वापरतात. मी इथे जाती म्हणजे स्पीशीज असंच धरते आणि जीनसला वंश म्हणते. दुसरा घोळ लव्हबर्डचा. आपल्याकडे पिंजऱ्यात जोडीने विकतात ते छोटे हिरवे-निळे पक्षी म्हणजे बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले बजरिगार असतात, आणि दुकानदार त्यांना बिनधास्त लव्हबर्ड म्हणतो. खरे लव्हबर्ड वेगळे: अगापॉर्निस हा वंश, नऊ जाती, सगळ्या आफ्रिका आणि मादागास्करमधल्या. शेपटी आखूड, चोच दणकट.

प्रयोग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम डिल्गर यांचा. १९६२ मध्ये त्यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याबद्दल लिहिलं आणि तिथून तो जगभर गेला. दोन जाती घ्या. पहिली पीच-फेस्ड लव्हबर्ड, आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागातली, नामिबिया-अंगोलाकडची. हिची मादी चोचीने पानाच्या, सालीच्या, नाहीतर कागदाच्या लांब सारख्या पट्ट्या कातरते, मान वळवून कमरेवरच्या पिसांत एकेक खोचते, आणि चार-सहा पट्ट्या झाल्या की घरट्याकडे उडते. वाटेत एखादी पडतेही. दुसरी फिशर्स लव्हबर्ड, टांझानियाच्या उत्तर भागातली. ही पिसांत खोचण्याच्या भानगडीत पडत नाही. एक पट्टी चोचीत धरायची आणि निघायचं.

डिल्गरनी या दोघांचा संकर करून पाहिला. संकर पिल्लं जगली, मोठी झाली आणि घरटं बांधायच्या वयाला आली. मग पट्टी कातरून झाली की ती मान मागे वळवायची, खोचण्याची हालचाल करायची, पण चोचीतली पट्टी सोडायचीच नाहीत. किंवा भलत्या ठिकाणी खोचायची. किंवा खोचता खोचता पिसंच साफ करत बसायची. पट्टी घरट्यापर्यंत पोचायची ती फक्त चोचीत धरून नेली तरच, आणि सुरुवातीला असं चोचीत नेणं होतं फक्त ६ टक्के वेळा. दोन महिन्यांनी ते ४१ टक्क्यांवर गेलं. पुढे काही वर्षांनी हे पक्षी जवळजवळ नेहमी चोचीतच न्यायला लागले. तरी उडण्याआधी मान किंचित मागे वळायचीच.

ती वळणारी मान वाचून मला पहिल्यांदा काटा आला होता. आजही येतो.

आता सेमिनारमधली माझी पाच मिनिटं. एमएस्सीचं दुसरं वर्ष. मी आकृती दाखवली, खालची ओळ मोठ्याने वाचली आणि पुढच्या स्लाइडवर निघाले. मागच्या बाकावरून एका सरांनी शांतपणे विचारलं, "एफ-टू कुठे आहे?" मला वाटलं स्लाइड राहिली असेल, म्हणून मी चक्क मागे-पुढे करून शोधायला लागले. मग सर म्हणाले, "स्लाइडमध्ये नाही, प्रयोगात. दुसरी पिढी कुठे आहे?" मी गप्प. ती नव्हतीच. पीच-फेस्ड आणि डोळ्याभोवती पांढरं कडं असलेल्या गटातले लव्हबर्ड (फिशर्स त्यातलाच) यांची संकर संतती साधारणपणे वंध्य असते. पिल्लं धट्टीकट्टी, पण त्यांना पिल्लं नाहीत. प्रयोग पहिल्या पिढीवर थांबला, कारण पक्षीच तिथे थांबले.

मग काय बिघडलं? मेंडेल वाटाण्याच्या पहिल्या संकर पिढीवर थांबला असता, तर त्याला सगळी झाडं उंच दिसली असती आणि बुटकेपणा नाहीसा झाला असं त्याने लिहिलं असतं. गुण वेगळे होऊन पुन्हा दिसतात, आणि कोणत्या प्रमाणात दिसतात, हे कळलं दुसऱ्या पिढीत. पहिली पिढी फक्त मिश्रण दाखवते. मिश्रणात किती घटक आहेत, एक जनुक की चाळीस, एकमेकांशी बांधलेले की सुटे, हे तिच्यावरून कळत नाही. 'खोचणं' आणि 'चोचीत नेणं' ही एकाच बटणाची दोन टोकं आहेत की दोन वेगळी बटणं आहेत, हा साधा प्रश्नसुद्धा संकर लव्हबर्ड बघून सुटत नाही.

तुलनेला मधमाश्या घ्या. वॉल्टर रोथेनब्यूलर यांचा १९६४ चा प्रयोग बऱ्याचदा याच धड्यात, लव्हबर्डच्या आसपासच असतो, आणि विद्यार्थी दोन्ही एकाच दमात पाठ करतात. काही मधमाश्या रोगाने मेलेल्या अळ्यांच्या कोठडीचं झाकण उघडतात आणि अळी बाहेर टाकतात. काही दोन्ही करत नाहीत. संकराची पहिली पिढी: काहीच करत नाही. इथेच थांबले असते तर गोष्ट संपली होती. पण मधमाश्या वंध्य नव्हत्या. रोथेनब्यूलरनी त्यांचा स्वच्छ वाणाशी पुन्हा संकर केला आणि २९ वसाहती तपासल्या. ६ वसाहती दोन्ही कामं करत होत्या. ९ नुसती झाकणं उघडत होत्या. १४ झाकण उघडत नव्हत्या. त्यांची झाकणं रोथेनब्यूलरनी स्वतः उघडून दिली, तेव्हा त्यातल्या ६ वसाहतींनी अळ्या बाहेर टाकल्या आणि ८ ढिम्म राहिल्या. म्हणजे ६, ९, ६, ८. चार गट, साधारण सारखे. झाकण उघडणं आणि अळी टाकणं वेगवेगळं वारशाने जातं, हे त्यावरून म्हणता येतं. 'दोन जनुकं' हा त्यांचा निष्कर्षही पुढे साधा ठरला. २००२ मध्ये डीएनए खुणांवरून शोधल्यावर या वर्तनाशी संबंधित सात जागांचे संकेत मिळाले. पण निष्कर्ष सुधारता आला, कारण तो तपासता येईल अशा रूपात मांडला होता. 'वर्तन जनुकांनी ठरतं' हे वाक्य सुधारायला जागाच नाही. त्यात चूक सापडावी असं काही नेमकं म्हटलेलंच नाही.

माझी दुसरी तक्रार टक्क्यांबद्दल. ६ टक्के कशाचे? फेऱ्यांचे, म्हणजे पट्टी नेण्याच्या प्रयत्नांचे. पक्ष्यांचे नव्हेत. आकृतीखाली टक्के येतात, पक्षी किती होते ते येत नाही, आणि वाचताना डोक्यात आपोआप 'शंभर पक्ष्यांतले सहा' असं चित्र तयार होतं. एकाच पक्ष्याच्या पाचशे फेऱ्या म्हणजे पाचशे स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. तो पक्षी विचित्र असेल तर पाचशे वेळा विचित्र असेल. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ च्या लेखात परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांची याच मुद्द्यावर झाडाझडती घेतली आणि हा शब्द रूढ झाला. वर रोथेनब्यूलरनी मोजल्या त्या वसाहती, मधमाश्या नव्हेत, हे लक्षात आलं का? मधमाश्या मोजल्या असत्या तर एन हजारांत गेला असता आणि अर्थ शून्य राहिला असता.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पात बुलबुलाच्या तीन घरट्यांवर मी दोनशेबारा वेळा पिल्लांना भरवताना पाहिलं आणि अहवालात अभिमानाने लिहिलं, एन बरोबर २१२. माझा एन तीन होता.

तिसरी गोष्ट जरा बारीक आहे, पण पीएचडीच्या मुलाखतीत विचारण्यासारखी आहे, म्हणून थांबून सांगते. घरट्यासाठी पट्ट्या कातरण्या-नेण्याचं काम या पक्ष्यांत मुख्यतः मादी करते. पक्ष्यांत लिंग ठरतं ते आपल्या उलट: नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. म्हणजे मुलीला तिचं एकुलतं एक झेड गुणसूत्र बापाकडून मिळतं. मग बाप पीच-फेस्ड असेल तर संकर मुलीचं झेड पीच-फेस्डचं, बाप फिशर्स असेल तर फिशर्सचं. खोचण्याशी संबंधित एखादं जनुक झेडवर असेल, तर बाप कोण यावर निकाल बदलू शकतो. त्यामुळे 'संकर' एवढा शब्द पुरत नाही. संकर कोणत्या दिशेने केला, हे विचारायचं. आणि लगेच दुसरं: पिल्लं वाढवली कोणी? दोन्ही जातींची अंडी अदलाबदल करून दुसऱ्या जातीच्या आईखाली वाढवली, आणि तरी पीच-फेस्डचं पिल्लू मोठेपणी खोचायलाच लागलं, तर आईचं बघून शिकण्याची शंका बाजूला टाकता येते. नुसत्या संकराने ती जात नाही. हे दोन्ही प्रश्न कोणत्याही आकृतीला विचारता येतात, आणि आकृतीच्या खालच्या ओळीत त्यांची उत्तरं नसतात.

यावर तुम्ही म्हणाल, मग डिल्गर चुकले? तसं मला वाटत नाही. त्यांचं काम मुळात एका संकराचं नव्हतंच. त्यांनी सबंध वंशाच्या वर्तनाची तुलना मांडली होती: कोणती जात अंगभर पिसांत सामान खोचते, कोणती फक्त कमरेवर, कोणती चोचीत नेते, आणि या क्रमावरून उत्क्रांती कशी झाली असेल. पिसांत खोचणं जुनं आणि चोचीत नेणं नंतरचं, असा त्यांचा तर्क. संकर हा त्या मोठ्या चित्रातला एक तुकडा. पाठ्यपुस्तकांनी तो कापून घेतला, चौकटीत बसवला आणि त्याच्यावर एका अख्ख्या वादाचा, जनुकं की अनुभव या वादाचा, भार टाकला.

आणि गंमत म्हणजे तोच प्रयोग दुसऱ्या बाजूनेही बोलतो. ६ वरून ४१ टक्के, आणि पुढे जवळजवळ प्रत्येक वेळी. हे शिकणं नाही तर काय आहे? त्याच पक्ष्याचा त्याच जनुकांसह दोन महिन्यांनी वेगळा आकडा आला. त्यामुळे 'वर्तन जनुकांनी ठरतं' असं लिहिणाऱ्याने ४१ चा आकडा गाळायला हवा, आणि 'वर्तन अनुभवाने घडतं' असं लिहिणाऱ्याने ती मागे वळणारी मान. मला विचाराल तर या प्रयोगाचा खरा ऐवज या दोन गोष्टी एकाच पक्ष्यात दिसण्यात आहे. काम चोचीने होतं हे तो शिकला, पण खोचण्याची सुरुवात विसरला नाही. अनेक नोट्समध्ये मात्र पहिला आकडा असतो, दुसरा नसतो.

आता ज्युनिअरच्या मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो दिसतो त्यापेक्षा चांगला आहे. 'संकर होतो का' हा हो-नाहीचा प्रश्न नाही. जोडी जमते का, अंडं फळतं का, पिल्लू जगतं का, मोठं होऊन त्याला पिल्लं होतात का, आणि ती पिल्लं बाहेरच्या जगात टिकतात का, या पायऱ्या आहेत, आणि पोपटांची वेगवेगळी जोडपी वेगवेगळ्या पायरीवर अडतात.

१९९० मध्ये ब्राझीलच्या बाहिया राज्यात रानातला शेवटचा स्पिक्स मकाव सापडला. एकटा नर. स्वतःच्या जातीची मादी उरलेली नव्हती, आणि त्याने निळ्या पंखांच्या मकाव मादीशी, म्हणजे दुसऱ्या वंशातल्या पक्ष्याशी, जोडी जमवली. जोडी पक्की होती. जगलेलं संकर पिल्लू मात्र त्यातून आलं नाही. २००० नंतर तो नरही दिसला नाही. ही सगळ्यात खालची पायरी. दुसऱ्या टोकाला निळा-पिवळा आणि लाल मकाव: पाळणारे लोक त्यांचा संकर करून 'कॅटालिना' नावाने विकतात, आणि कॅटालिनाला पुढे पिल्लंही होतात. आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर नेहमीचा, गळ्याला गुलाबी कडं असलेला पोपट आणि त्याचा मोठा भाऊबंद, खांद्यावर लाल डाग असलेला अलेक्झांड्राइन. भारतात दोघं पुष्कळ ठिकाणी शेजारीच राहतात आणि वेगळे राहतात. युरोपातल्या काही शहरांत पिंजऱ्यातून सुटलेल्या या दोघांच्या वसाहती झाल्या, आणि तिथे त्यांच्या मिश्र जोड्या आणि संकर पक्षी नोंदले गेले आहेत. पक्षी तेच. बदलली ती जागा, आणि आसपास स्वजातीचे जोडीदार किती हे गणित.

म्हणून अजून एक वाक्य मला खटकतं. काही ठिकाणी संकर लव्हबर्डचं ते गोंधळणं 'दोन जातींना वेगळं ठेवणारी यंत्रणा' म्हणून शिकवतात. पण पीच-फेस्ड नैर्ऋत्येला आणि फिशर्स पूर्वेला, मधे अर्धा खंड. रानात हे दोघं भेटतच नाहीत. भेटले आणि पिल्लं झाली, तरी ती वंध्य. जिथे अंतर आणि वंध्यत्व असे दोन दरवाजे आधीच बंद आहेत, तिथे पट्टी खोचता न येणं हा तिसरा दरवाजा कोणाला अडवतो?

सेमिनारनंतर सरांनी मला जिन्यात गाठून अजून एक विचारलं होतं, ते सांगते. "मग वंध्य नसलेले लव्हबर्ड शोध ना." मी शोधले. केनियातल्या नैवाशा तळ्याभोवती पिंजऱ्यातून सुटलेल्या फिशर्स आणि पिवळ्या गळपट्ट्याच्या लव्हबर्डची वस्ती आहे. ते एकमेकांत मिसळून गेलेत, संकराला पिल्लं होतात, त्या पिल्लांना पिल्लं होतात. एफ-टू काय, पुढच्या कितीतरी पिढ्या तिथे झाडांवर बसल्या आहेत. मी आनंदाने सरांना सांगायला गेले. ते म्हणाले, "छान. आणि हे दोघं पट्ट्या कशा नेतात?" दोघंही चोचीत. म्हणजे जिथे पिढ्या मिळतात तिथे मागोवा घ्यावा असा फरक नाही, आणि जिथे फरक आहे तिथे पिढ्या थांबतात. प्रयोगासाठी प्राणी निवडणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी जिन्यात उभ्या उभ्या कळलं. माझ्या पीएचडीच्या प्रस्तावात 'हीच जाती का' या परिच्छेदावर मी तीन आठवडे घालवले त्याचं कारण ते आहे.

परीक्षेचं काय, असं तुम्ही विचारणारच. नेट-सेटच्या पर्यायी प्रश्नात लव्हबर्ड आला तर बहुधा 'वर्तनाला आनुवंशिक आधार असतो' हाच पर्याय अपेक्षित असतो. तो निवडा आणि पुढे जा, तिथे वाद घालू नका. पण 'एकाच जनुकाने ठरतं' असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका. मुलाखतीत मात्र पूर्ण सांगा: दोन जातींमधला फरक बऱ्याच अंशी वारशाने येतो असं हा प्रयोग सुचवतो, संकर वंध्य असल्याने जनुकांची संख्या त्यातून कळत नाही, आणि अनुभवाने वर्तन बदलल्याचं त्याच पक्ष्यांत दिसतं. ज्युनिअरने सकाळी स्लाइड बदलली. खालची ओळ काढून तिने तिथे ६ आणि ४१ हे दोन्ही आकडे लिहिले, आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं: किती पक्षी?